पहिली हळद कुणाला

पाटली निघत नव्हती. विहिरीच्या काठावर बसून रंभा मनगटाला साबण चोळत होती. आईनं मरताना घातलेली पाटली. तेव्हा रंभाचं मनगट काडीएवढं होतं.

"हात सोलून काढतेस काय गो?" कुंपणापलीकडून मटिल्डा आत आली. चर्चमधल्या आल्तारासाठी मोगरा न्यायला ती दर शनिवारी येई.

"नाही निघाली तर सोनाराकडून कापून घेईन."

"कापून? आईची?"

रंभानं मनगटावर पाणी ओतलं. "विमानतळावर पार्सल अडकलंय. आज पैसे भरले नाहीत तर परत जाईल."

"कुणाचं पार्सल?"

रंभानं पुन्हा साबण उचलला. निर्मळ गावातल्या त्या वाडीत केळीची पानं सळसळली.

मागच्या गणपतीत भाची रचना हिनं हौसेनं लग्नाच्या वेबसाइटवर तिचं नाव घातलं होतं. "आत्या, बघू तरी कोण येतंय!" आला तो जयवंत. विधुर, मस्कतला इंजिनिअर. सोपाऱ्याच्या सायबर कॅफेत बसून रंभा एकेक अक्षर शोधत त्याला उत्तरं लिही. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: जेवलीस का? भावाच्या भरल्या घरात सगळ्यांना वाढून ती शेवटी बसे. तिथे हे कुणी विचारलं नव्हतं. आता त्यानं तिच्यासाठी मस्कतहून पार्सल धाडलं होतं.

सगळं ऐकून मटिल्डानं परडी खाली ठेवली. "पाह्यलंस त्याला?"

"फोटो पाह्यला."

"बोललीस?"

"त्याच्या कामाच्या साइटवर फोन लागत नाही."

"आई कोण त्याची?"

"वारली."

"वारली तरी नाव असंल ना? लोकांच्या हळदीला गायला बसतेस तर आधी नवऱ्याच्या आईचं नाव विचारतेस, मामाचं नावगाव विचारतेस. त्याशिवाय तोंड उघडत नाहीस. आणि स्वतःच्या वेळी मुकी झालीस?"

रंभाला हसू आलं आणि ते अर्ध्यातच विरलं. विचारायची लाज वाटली होती. आपल्याच लग्नाचं गाणं आपणच कसं जुळवायचं?

ती सोनाराकडे निघाली, पण आधी कॅफेची पायरी चढली. जयवंत ऑनलाइन होताच.

"पैसे भरलेस?"

"भरते. तुमच्या आईचं नाव काय?"

"आता हे काय मध्येच? संध्याकाळी पार्सल परत जाईल."

"सांगा तरी."

"सुशीला."

"आणि मामांचं?"

"मामा नाही. आई एकुलती एक."

रंभाची बोटं थांबली. केळव्याला मामाच्या नारळीच्या वाडीत लहानाचा मोठा झालो, हे त्यानंच लिहिलं होतं. त्या रात्री ती वाडी तिच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती.

"मग केळव्याची वाडी कुणाची?"

"माझ्यावर विश्वास नाही? कुणी कान भरले? आपलं कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं ना?"

लग्न म्हणजे गावभर सांगायची गोष्ट. त्यासाठीच तर ती इतकी वर्षं गात आली होती. आणि हा म्हणतो, कुणाला सांगू नकोस.

कॅफेवाल्यानं पंखा वाढवला. तिनं हळूहळू लिहिलं, 'जेवलात का?' मग एकेक अक्षर खोडलं, आणि उठली. सोनाराच्या दुकानावरून ती मान खाली घालून गेली.

संध्याकाळी गावातल्या श्रीपतच्या अंगणात त्याच्या मुलीची हळद होती. पाटावर बसताना रंभानं विचारलं, "नवऱ्याच्या आईचं नाव?"

"आशालता."

"मामाचं गाव?"

"आगाशी."

पहिली हळद बाई, आशालता आईला
दुसरी हळद गं, आगाशी गावाला

दुसऱ्या ओळीत 'केळवे' ओठांशी आलं. तिनं श्वास घेतला. बायकांनी ओळ उचलून धरली.

"दमलीस का गो?" श्रीपतच्या बायकोनं विचारलं. आणि रीतीप्रमाणे उरलेली हळद गाणारणीच्या हातांना चोळली.

पाटलीखाली साबणानं सोललेली जागा होती. हळद झोंबली. रंभानं हात मागे घेतला नाही. तिसरी ओळ धरली.