घरचीच बाई

आमच्या प्रसूतिगृहात 'जास्तीची ड्यूटी कर' असं कुणी कधी म्हणत नसे. एवढा उद्धटपणा तिथं नव्हता. सुमित्राबाई खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, "धुरपता, तू तर घरचीच." एवढं ऐकलं की समजायचं, आज आपल्याला घर नाही.

सुमित्राबाई आमच्या मोठ्या नर्स, नागपूरला शिकून आलेल्या. ड्यूट्या लावायचं काम त्यांच्याकडे, म्हणून स्वतःची ड्यूटी त्यांनी कधी लावली नाही. त्यांच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पातळावर एक डाग मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मालक चुन्नीलाल. मालगुजारीची जमीनदारी गेली तशी त्यांनी गोंदियात बापाच्या नावानं हे प्रसूतिगृह काढलं. राबवायला रयत राहिली नाही, मग आम्ही होतोच. जागा चार नर्सांच्या, उरलो दोघी, मी आणि तुलसा. एक लग्न होऊन गेली, एकीला सरकारी नोकरी लागली. त्यांच्या जागी कुणाला घेत का नाही विचारलं, की मालक आढ्याकडे बघत उसासा टाकायचे. "माणसं मिळतच नाहीत, बाई. सेवाभाव कुठं राहिला आता?" जो काय राहिला होता तो आमच्या दोघींत, आणि तो ते उसासारखा पिळून घेत होते.

त्या वर्षी माझी रुख्मा पहिल्या बाळंतपणाला मुर्रीला माझ्याकडे आली. तिचा बाप ती लहान असतानाच गेला, घरात दुसरं बाईमाणूस नाही. जगाच्या लेकी मी सोडवल्या. स्वतःच्या लेकीच्या वेळी मी नसले तर आग लागो त्या नोकरीला, असं मनात यायचं. पण आग लावायलाही ऐपत लागते. आमची चूल त्याच पगारावर पेटत होती.

मी बाळाच्या जन्मापासून छठीपर्यंत, म्हणजे सहाव्या दिवसापर्यंत, रजा मागितली. आमच्याकडची रीत अशी, की जिनं नाळ कापली तिनंच छठीपर्यंत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, आणि तोवर दुसऱ्या बाळंतिणीच्या खोलीत पाय टाकायचा नाही. टाकला तर दोन्ही बाळांना बाधतं म्हणतात. मालक पोट धरून हसले.

"अरे, स्वराज आ गया, आणि तुम्ही अजून छूत-बूत धरून बसल्या! साबणानं हात धुवायचे, झालं."

साबणाचं त्यांचं खरंच होतं. मी तरी ती रीत कुठं मनापासून मानत होते? मला रजा हवी होती. सुमित्राबाई म्हणाल्या, "वेळ आली की बघू गं. तू तर घरचीच."

वेळ आली. एका सकाळी रुख्मा सुटली, मुलगी झाली. नाळ मी माझ्या हातानं कापली. नातीला कापडात गुंडाळून तिच्या कुशीत ठेवते न ठेवते तोच दारात सायकलची घंटी वाजली. आमचा चपराशी कवडू उभा होता.

"माय, बाईनं बलावलन. फक्त आजच्या दिवस."

"तुलसा कोठी गेली?"

"तापानं पडली. मालकाची सून आली, कळा देऊन राहिली. डॉक्टर भंडाऱ्याले गेलेत. बाईनं सांगतलन, आज नाही आली तं उद्यापासून येऊच नोको."

रुख्मानं माझा पदर धरला. "कायले जातेस व, माय? आजच्या दिवस तरी थांब."

मी तिच्या मुठीतून पदर सोडवला. शेजारच्या नंदाबाईला तिच्यापाशी बसवलं आणि निघाले. वाटभर मी सुमित्राबाईंना शिव्या दिल्या, मालकाला दिल्या, आणि एका हाकेला धावणाऱ्या स्वतःला सगळ्यांत जास्त.

प्रसूतिगृहात सुनेच्या खोलीच्या दाराशी मालकाची म्हातारी आई मुन्नीबाई पाट मांडून बसली होती. सुमित्राबाई लगबगीनं पुढं आल्या. "आलीस! मला माहीत होतं, तू तर..."

"घरचीच," मी म्हटलं. आणि उंबऱ्याबाहेरच थांबून मोठ्यानं बोलले, "माई, मले नात झाली. आत्ताच पोरीची नाळ कापून आली मी. जाऊ का अंदर?"

म्हातारी ताडकन उठली. "बाहर! हमरी बहू के पास पाय नोको टाकू!"

मालक धावत आले. "माई, ही सगळी जुनी..."

"चुप! तुझ्या वेळची दाई छठीपर्यंत घरातून हलली नाही, म्हणून तू जगला!"

मी गरीब तोंड करून विचारलं, "मालक, साबणानं हात धुऊ का?"

त्यांनी नजर चुकवली. "घर की बात अलग होती है, बाई."

अस्सं! म्हणजे दुसऱ्यांच्या सुनांना स्वराज्य आणि यांच्या सुनेला छठी. मला हसूही आलं आणि तोंडावर थुंकावंसंही वाटलं.

आतून सून ओरडली. आता शिकलेली बाई एकच उरली होती, आणि ती निऱ्या सावरत मागं मागं सरकत होती. "अगं, मला किती वर्षं झाली हात लावून..."

"बाई, तुम्ही तर घरच्याच," मी म्हटलं. "जा अंदर. काही अडलं तं मी येथून सांगतो."

सुनेचं दुसरं बाळंतपण, सुखरूप झालं. सुमित्राबाई बाहेर आल्या तेव्हा पातळाची इस्त्री मोडली होती आणि पदरावर चांगला तळहाताएवढा डाग होता. त्यांनी चपला घालायला पाय पुढं केला, तर म्हातारीनं काठी आडवी धरली.

"कहाँ चली? नाळ किसने काटी?"

मी मुर्रीची वाट धरली.

पुढं एका दुपारी मी नातीला न्हाऊ घालत होते, तर कवडू आला. "माय, तुलसा तं उठली, बाकीच्यायले पाहते. पण बाईले माई सोडत नाही. बाई म्हणते, एक घंटा येऊन जाय. रातभर डोया लागला नाही तिचा."

"सांग तिले, छठी झाली की येतो."

छठी आटोपून गेले, तर दारात दोन नव्या नर्सा उभ्या, एक तुमसरची, एक आमगावची. आम्ही दोघी मरमर मरत होतो तेव्हा जी माणसं जगात कुठंच नव्हती, ती सुमित्राबाई एका छठीत दमल्याबरोबर उगवली. डोळे खोल गेलेल्या सुमित्राबाई त्यांना काम समजावत होत्या. समजावता समजावता त्यांचा हात धाकटीच्या खांद्यावर गेला.

"आज जरा थांबशील ना? तू तर आता..."

"बाई," मी दारातूनच विचारलं, "माईले बलावू का?"

त्यांनी हात काढून घेतला.