थांब्याची गाठ

"हे तू कापलंस?"

तिनं वळून पाहिलं. मिस्त्री मोरीच्या दारात उभे होते. त्यांच्या एका हातात मुलाची गळाची काठी, दुसऱ्या हातात चकरीवरून ओढून काढलेली तंगूस. पारदर्शक नायलॉनची ती दोरी त्यांच्या पायाशी वेटोळी होऊन पडली होती.

"काय कापलं?" हातातला कप तसाच धरून तिनं विचारलं.

"लाल दोरा होता इथं. दोरीला बांधलेला."

"हो, होता ना! त्याची दोन टोकं लोंबत होती. कुठंतरी अडकून आला असेल म्हटलं. माझ्याच शिवणाच्या डब्यातला होता की तो." कप ठेवून ती हात पुसत बाहेर आली. "अहो, तुम्हाला आज सांगणारच होते मी. काल सगळी काठी पुसून काढली. गोड्या पाण्याचं फडकं फिरवलं, चकरीला तेल दिलं. तुम्ही वर्षभर तिला हात लावला नाहीत. म्हटलं, स्वच्छ दिसली तर जाल एखाद्या रविवारी..."

मिस्त्री खुर्चीवर बसले. काठी त्यांनी मांडीवर आडवी घेतली.

"बरं," ते म्हणाले.

एकतीस वर्षांच्या संसारात तिला मिस्त्रींचे तीन-चार तऱ्हांचे 'बरं' पाठ झाले होते. जेवण आवडलं की एक, नातेवाईक येणार म्हटलं की एक, भांडण मिटवायचं असलं की एक. हा त्यांतला नव्हता.

गावातल्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत ती बावीस वर्षं कपडे दुरुस्त करत होती. पँट आखूड करायची, फाटलेला खिसा लावायचा, चेन बदलायची आणि काम झालं की कपडा उलटसुलट करून लोंबणारा एकूण एक दोरा कापायचा. लोंबता दोरा दिसला आणि तिची बोटं स्वस्थ बसली, असं कधी झालंच नाही. एकदा बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाच्या कॉलरचा दोरा तिनं पर्समधल्या कात्रीनं हळूच कापला होता. तो माणूस असा काही दचकून ओरडला की कंडक्टर धावत आला. मुलगा तेव्हा दहावीत होता. शरमेनं त्याला कुठं तोंड लपवू असं झालं होतं, आणि पुढं वर्षभर तो ती गोष्ट येईल त्या पाहुण्याला रंगवून सांगत होता.

"ती गाठ होती," मिस्त्री म्हणाले. "थांब्याची."

नळपाणी खात्यात नव्या पोरांना ते पंप समजावून सांगायचे तसं, अजिबात आवाज न चढवता, त्यांनी तिला समजावून सांगितलं. बुचाचा तरंगा दोरीवर मोकळा सरकतो. खाली शिसं, त्याखाली गळ. पाण्यात टाकलं की शिसं खाली जातं, तंगूस तरंग्यातून ओघळत राहते आणि गाठ आली की अडते. गाठ जिथं बांधली, तेवढाच खोल गळ जाणार. खडक्या मासा कपारीत राहतो, शेवाळाच्या आडोशाला. हातभर जास्त सोडलं तर गळ दगडात अडकून बसतो. हातभर कमी सोडलं तर तो मान वर करून बघतसुद्धा नाही.

"म्हणजे सगळा खेळ गाठीचा," ती म्हणाली.

"सगळा."

आणि ती खोली मुलानं कुणालाच सांगितली नव्हती. बापानं त्याला शिकवलं ते आठ हातांवर. गेल्या खेपेला पोरानं बापाकडं पाठ करून नवीन गाठ बांधली, आणि तासाभरात असा एक खडक्या काढला की शेजारच्या खडकावरचा न्हावी आपली काठी टाकून बघायला आला. हिरवट-तपकिरी, जाड ओठांचा, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा. नेहमीसारखा सोडून दिला. किती हात लावलं होतंस, म्हणून बापानं घरी येईपर्यंत विचारलं. पोरगा नुसता हसत राहिला.

त्या आठवड्यात त्याला ताप आला. अकरा दिवस तो दवाखान्यात होता.

"चौथ्या दिवशी म्हणाला मला," मिस्त्री काठीकडं बघत म्हणाले. "बाबा, काठी तशीच ठेवा, गाठ हलवू नका. आल्यावर दाखवतो."

"मी कुठं होते तेव्हा?"

"तू खाली औषधं आणायला गेली होतीस."

"मग मला सांगायचं नाही का हो, वर्षभरात एकदा?"

मिस्त्रींनी तिच्याकडं पाहिलं. "काय सांगणार?" ते म्हणाले. "पाणी उबदार झालं की खडक्या पुन्हा किनाऱ्याला येतो. आज जाणार होतो. तरंगा लावायचा, टाकायचं आणि बघायचं, पोरगा किती हातांवर खेळत होता ते. एवढंच."

ती तिथंच भिंतीला टेकली. मूल गेलं तेव्हा लोक तिला म्हणाले होते, तुझ्या हातात काही नव्हतं. हे मात्र तिच्याच हातानं झालं होतं. तिनं कचऱ्याची बादली पाहिली. रिकामी होती. कचरा सकाळीच गेला होता.

मिस्त्री उठले. त्यांनी तंगूस गुंडाळली, पिशवी खांद्याला लावली आणि चपला सोडून बूट घातले.

"मी येते," ती म्हणाली.

"खडकावरून चालायचंय."

"चालेन."

एकतीस वर्षांत ती कधी त्या वाटेला गेली नव्हती. रविवारी बापलेक जायचे, दुपारी रिकाम्या हातानं परत यायचे आणि ती दारातच म्हणायची, आलात का समुद्राला आंघोळ घालून? काटेरी मासा, खायला बेचव, मग धरायचा कशाला आणि सोडायचा कशाला, हे तिला कधी उमगलं नव्हतं. आज मिस्त्रींच्या मागोमाग, जिथं त्यांचं पाऊल पडेल तिथंच आपलं ठेवत ती खडकांवरून उतरली. ओल्या दगडावर त्यांनी एकदाच मागं हात केला. तिनं तो धरला. पलीकडं पोचल्यावर त्यांनी सोडला.

न्हावी आपल्या जागेवर होताच. मिस्त्रींना बघून तो अर्धवट उठला.

"मिस्त्री! वर्षानं!" मग त्याला ती दिसली. "आणि वहिनी? आज माशांचं काही खरं नाही."

"माशांना काय करायचंय मी?"

"तुम्ही नाही काही करायच्या. पण आमच्या हिला कळलं वहिनी आल्या होत्या, की पुढच्या रविवारी ती येईल, आणि मग माझं काही खरं नाही." तो हसला. कुणी हसलं नाही. "गुणी पोर होतं हो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "किती विचारलं मी त्याला त्या दिवशी. म्हटलं, गेल्या महिन्यात तुझे केस फुकट कापलेत, आता तरी सांग. नाही सांगितलं."

मिस्त्रींनी मान हलवली आणि ते पुढच्या खडकावर गेले. खाली पाणी काळंहिरवं, जवळजवळ न हलणारं. शेवाळाच्या लांब पट्ट्या वर येत होत्या, पुन्हा बुडत होत्या.

"इथं बसायचा?" तिनं विचारलं.

"इथंच."

ती बसली. दगड उन्हानं तापला होता.

"द्या ती तंगूस माझ्याकडं," ती म्हणाली. "मला आठवेल."

त्यांनी काठी आणि गळाचं टोक तिच्या हातात दिलं. तिनं डोळे मिटले. दारातून आत येणाऱ्या माणसाकडं एकदा बघून ती त्याच्या पँटची लांबी सांगायची. टेप लावला की अर्ध्या इंचाचा फरक निघायचा नाही. मुलाचं तर माप तिनं कधी घेतलंच नव्हतं. तो वाढत गेला आणि तिच्या हाताला ते आपोआप कळत गेलं. आता तिनं काल केलं होतं तसंच केलं. काठी गुडघ्याला टेकवली, ओल्या फडक्यात धरल्यासारखी तंगूस चिमटीत धरली आणि ओढायला लागली. एक हात. दोन. काठीच्या मुठीवरच्या बुचात अंगठ्याचा एक खळगा होता, झिजून झिजून झालेला. काल पुसताना तिचा अंगठा त्यात गेला होता. तीन. चार. तिचा अंगठा त्यात बरोबर बसला नव्हता, लहान पडला होता. पाच. तिथून पुढं तिला काही दिसलंच नव्हतं. ती नुसती ओढत राहिली होती, पुसत राहिली होती, पदरानं डोळे टिपत राहिली होती. आणि कधीतरी, कितव्या तरी हाताला, बोटांना काहीतरी टोचलं होतं आणि दुसऱ्या हातानं आपण होऊन कात्री उचलली होती.

सात हातांवर ती थांबली. मग आठावर. मग पुन्हा मागं आली.

मिस्त्री तिच्या हातांकडं बघत होते. तिनं एवढा आसुसलेला चेहरा त्यांचा कधी पाहिला नव्हता. दवाखान्यात डॉक्टर बाहेर यायचे तेव्हा सोडून.

खोटं बोलायचं नाही हा तिचा लहानपणापासूनचा नेम होता. गिऱ्हाईकाला कपडा उद्या मिळणार नसेल तर ती मिळणार नाही म्हणून सांगायची, मग गिऱ्हाईक जावो की राहो. सकाळी देवापुढं हात जोडताना ती दुसरं काही मागत नसे, तेवढं एक निभू दे म्हणायची.

"मोजलं नाही मी," ती म्हणाली. "सगळी दुनिया मोजते हो मी, आणि काल तेवढं मोजलं नाही. रडत होते."

वाऱ्याची एक झुळूक आली, पाण्यावर बारीक सुरकुती उठली आणि गेली. मिस्त्री तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी तिच्या दोन हातांमधली तंगूस आपल्या चिमटीत धरली, कुठंतरी, सातच्या पुढं आणि आठाच्या अलीकडं.

"तू नुसतं इथं म्हण," ते म्हणाले.

"अहो..."

"म्हण एकदा. मला लावायचंय कुठंतरी."

तिनं त्या चिमटीवर आपलं बोट ठेवलं.

"इथं," ती म्हणाली.

त्यांनी पिशवीतल्या कसल्याशा सुतळीचा धागा सोडवून तिथं गाठ मारली. टोकं लांबच राहिली. तिनं हात मांडीखाली घेतले. मग त्यांनी तरंगा लावला, डब्यातला एक लहान खेकडा गळाला लावला आणि काठी फेकली. तरंगा आडवा पडला, क्षणभर तसाच राहिला, मग शिशाच्या ओढीनं उभा झाला.

दोघं त्याच्याकडं बघत बसली. एक तास, कदाचित जास्त. भरती चढायला लागली तशी ती दोघं एक पायरी वर सरकली. तरंगा दोनदा थरथरला आणि मग एकदम, कुणी खालून हात घालून न्यावा तसा, बुडाला.

मिस्त्री उभे राहिले. काठी वाकली. न्हावी लांबून ओरडला, "कपारीत जाऊ देऊ नका, मिस्त्री! वर घ्या, वर घ्या!" त्यांनी माशाला वर घेतलं. मोठा नव्हता. वीतभराहून थोडा अधिक. हिरवा, अंगावर निळे ठिपके, आणि खरंच जाड ओठ, रुसलेल्या मुलासारखे.

"किती हात लावलं होतं?" न्हाव्यानं तिकडून विचारलं.

"पोराचं माप," मिस्त्री म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. त्यांनीही तिच्याकडं पाहिलं नाही.

गळ काढून झाल्यावर ते म्हणाले, "तू सोड. आधी हात ओले कर. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो."

ती पाण्याच्या कडेला वाकली, हात बुडवले आणि त्यांनी मासा तिच्या ओंजळीत दिला. केवढा गार होता, आणि केवढा जिवंत. तो तिथंच राहिला. त्याच्या गालाची झाकणं उघडत होती, मिटत होती, उघडत होती. दवाखान्यात शेवटच्या दोन दिवसांत ती असंच बघत बसली होती, एक श्वास गेला की पुढच्याची वाट बघत.

"जाऊ दे आता त्याला," मागून मिस्त्री हळूच म्हणाले.

"मी धरलेलं नाहीये," ती म्हणाली.

तिचे तळवे पाण्याखाली उघडेच होते. मासा त्यांच्यावर आणखी थोडा वेळ टेकून राहिला.