बाल्त्सचा उजवा हात

कापडगिरणीत तुटलेली बोटं शिवून शिवून डॉक्टर योस्ट एगर वैतागले आणि उतारवयात राजकारणात शिरले. "एकाच यंत्राने चावलेले हात किती शिवायचे? आता यंत्रालाच वेसण घालतो," ते म्हणाले.

"घाला की," सुईण वेरेना म्हणाली. "पण आधी जिभेला घाला. भाषणात तुमची फार घसरते."

मे महिन्यातल्या रविवारी खोऱ्यातले सगळे पुरुष दरवर्षीसारखे कायद्यांवर मत द्यायला कुरणावर गोल करून उभे राहिले, बायका कुंपणाबाहेर. डॉक्टरांचा ठराव एवढाच होता, की गिरणीत दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त कुणाला राबवायचं नाही. हात वर करून फैसला. अध्यक्षांनी मंचावरून नजर फिरवली.

"समसमान दिसतंय. पुन्हा घेऊ."

डॉक्टरांनी मान उंचावून पाहिलं. अर्धी गिरणी हात खिशात घालून उभी होती, कारण मालक पुढेच उभा राहून एकेकाचं तोंड बघत होता. ठराव पडला तर पुन्हा आपला सुईदोरा. दोन शब्द बोलायची मुभा मिळाली आणि पाठ केलेलं भाषण पार उडालं. तोंडून निघालं ते तीस वर्षांच्या सवयीचं.

"हात वर करा बघू. दुखलं तर सांगा."

कुरणभर हशा पिकला. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले.

"मला दुखतं, डॉक्टर," मागून आवाज आला.

तो बाल्त्स, गिरणीचा फाटकवाला. पूर्वी तो यंत्रावर होता, तेव्हा कामाच्या चौदाव्या तासाला त्याचा उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला होता. डॉक्टरांनी तो वाचवला खरा, पण छातीच्या वर तो पुन्हा कधी गेला नाही. डॉक्टरांना ते कायम सलायचं.

बाल्त्सने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तो हात डोक्यावर नेला. कपाळावर घाम फुटला.

"अरे, डावाच कर की," शेजारी पुटपुटला.

"गप रे. गिरणीने मोडला तो हा, डॉक्टरांनी जोडला तोही हाच. मत याचंच," बाल्त्स मालकाकडे बघत म्हणाला.

मग खिशांतून हात निघू लागले. कुणाला चार बोटं, कुणाला तीन. आपले टाके डॉक्टरांना लांबूनही ओळखू आले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मंजूर," अध्यक्ष म्हणाले.

डॉक्टर गर्दीतून वाट काढत बाल्त्सपाशी गेले. "खाली घे बाबा आता. झालं."

"तुम्हीच घ्या," बाल्त्स म्हणाला. "अडकलाय."