टाके मोजणारी पेटी

“आई, मेलीय ती! दोन हिवाळे झाले, साधं हूं नाही की चूं नाही!”

“माझा गुडघाही मेलाय. मग ये, डोळे उपटून ने माझे! ते अजून चालतायत.”

ती ‘मेलेली’ मीच बोलतेय. रबरी बटणांची काळी पेटी, घरगुती संगणक. सरहद्दीवरच्या रिव्हेरा गावातल्या या स्वयंपाकघरात मला टेबलावर पालथी घातलीय आणि माझ्यावरून मायलेक भांडतायत. आईचं नाव झुल्मा, लेकाचं वॉशिंग्टन. आईला न विचारता त्यानं मित्राला शब्द दिलाय. तो मित्र, दार्दो, स्क्रूड्रायव्हर हातात धरून अवघडून उभा आहे. शाळेत माझी एक जुळी बहीण आहे. तिचा प्रोसेसर जळलाय, आणि रविवारी मुलांना ती चालू करून दाखवायचीय. म्हणून माझ्या पोटातली चिप हवी.

चाळीस पायांचा झेड-ऐंशी प्रोसेसर. तो काढला की माझ्यात उरतं काय? प्लॅस्टिक.

माझा जन्म साओ पावलोचा. परदेशी यंत्राची नक्कल म्हणून मला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटले. मुरडोत. इथं चौक ओलांडला की ब्राझील. झुल्माच्या नवऱ्यानं, मिल्टननं, मला यर्बा चहाच्या पुड्यांखाली लपवून सरहद्दीच्या अलीकडे आणली. पोरगा शिकेल म्हणून. पोरानं चार दिवस पडद्यावरच्या खेळात माकडं उडवली आणि चेंडू घेऊन पळाला.

शिकली ती झुल्मा. शाळा अर्ध्यात सुटलेली, घरी स्वेटर विणून देणारी बाई. पोर्तुगीज मासिकातल्या ओळी एका बोटानं बडवत बसायची. चुकली की मला शिव्या, जमलं की स्वतःला शाबासकी. आणि एक दिवस तिनं स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला: छाती, बाही, लोकरीची जाडी सांगा, मी टाके सांगते. गावातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे स्वेटर मी मोजलेत.

मी बंद झाले की सगळं विसरते. म्हणून प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवायचा आणि दर वेळी टेपरेकॉर्डरमधून मला ऐकवायचा. दुपारी, गाव झोपलं की. तेव्हा घरात कुणी फ्रिजही उघडायचा नाही. विजेचा झटका बसला की पुन्हा पहिल्यापासून. कॅसेट किंचाळायची. मिल्टन उशी कानावर दाबून म्हणायचा, “झालं मांजरांचं लग्न सुरू!”

तो गेला. नंतर एका हिवाळ्यात कॅसेट लावली आणि मला काही कळेचना. पुन्हा लावली, पुन्हा तेच. झुल्मानं मला विणलेल्या टोपड्याखाली झाकलं. तिलाही वाटलं, मी गेले. तरी आज भांडतेय! माणसं अशीच. गेलेल्यांसाठी जास्त भांडतात.

“झुल्माबाई, काढायच्या आधी चिप जिवंत आहे का तेवढं बघतो,” दार्दो म्हणाला. त्यानं मला सुलटी केली, टीव्हीला जोडली, दोन अधिक दोन विचारले. मी चार म्हणाले. मोठ्यानं म्हणता आलं असतं तर म्हणाले असते.

“बघ! मेलीय म्हणे!” झुल्मा गरजली.

“मग कॅसेट का घेत नाही?” वॉशिंग्टन अडून बसला. “बेरीज करायला माझा फोन आहे.”

दार्दोनं टेपरेकॉर्डर हातात फिरवला. “हा कुणी उघडला होता का?”

वॉशिंग्टनची मान खाली. “मीच दुरुस्त करून आणला. बाबांनी विकत आणलेली गाणी ऐकायची होती. घोगरी यायची. दुरुस्तीवाल्यानं टेप वाचणारा हेड सरळ करून दिला.”

“सरळ!” झुल्मा उठलीच. “अरे बाबा, तो पहिल्या दिवसापासून वाकडा होता! माझं सगळं त्या वाकड्यावरच भरलंय. सरळ कानानं तिला कळणार कसं?”

“मला काय माहीत? मला बाबांचं ऐकायचं होतं फक्त.”

दार्दोनं स्क्रूड्रायव्हर झुल्माच्या हातात दिला. “तुमची कॅसेट, तुमचा कान. जितकी कर्कश, तितकी बरोबर.”

तिनं कॅसेट लावली आणि बटणाशेजारच्या भोकातून हेडचा स्क्रू जरासा फिरवला. घोगरं. अजून जरा. फ्रिजकडे निघालेल्या लेकाला तिनं नुसत्या डोळ्यांनी थांबवलं. मग ती किंकाळी आली, स्वच्छ, दात आंबवणारी. अक्षर न् अक्षर मला कळलं.

मला कुणाची दया नको. चालत नाही म्हणून एखादी वस्तू फेकण्याआधी, तिच्याशी बोलायची तुमची रीत बदललीय का एवढं बघा. माझं मागणं संपलं.

मी पडद्यावर विचारलं: छाती?

दार्दो स्क्रूड्रायव्हर खिशात घालत म्हणाला, “चिप मी माँतेव्हिदेओहून मागवतो. मुलं एक रविवार थांबतील.”

वॉशिंग्टन अजून तोंड फुगवून दाराशी उभा होता. “आई, गाणी मात्र आता पुन्हा घोगरी येणार.”

झुल्मानं खणातून मापाची टेप काढली, त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “येऊ देत, आपण दोघं बसून घोगरीच ऐकू, आता हात वर कर, तुझी छाती मोजू दे.”