राजीखुशीनं

तुमसरला नोंदणी कार्यालयासमोर भैय्यालालनं गाडी थांबवली, तेव्हा चंद्रकांता लगेच उतरली नाही. मागच्या सीटवर तिची आई, सत्यभामाबाई, रस्ताभर एकच सांगत आली होती, "भावाचं मन मोडू नको व बाई. माहेर तुटते."

बाप वारला त्याला वर्ष होत आलं होतं. तलावाखालची धानाची जमीन मागं राहिली होती. बहिणीनं आपला हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र भैय्यालालनं तयार करून घेतलं होतं. त्यांच्या घराण्यात असंच चालत आलेलं. आत्यांनी हिस्सा सोडला, चुलत बहिणींनीही सोडला. साडी नेसायची, जेवायचं आणि सही करायची. नवी हिरवी साडी सकाळीच चंद्रकांताच्या अंगावर आली होती.

तिची लेक गुड्डी नागपूरला नर्सिंग शिकत होती. ती फोनवर म्हणाली होती, "आई, लेकीचा हिस्सा लेकाएवढाच हाय, कायदाच हाय तसा. मामा देऊन नाही राहिला, तो तुहाच हाय."

पण गुड्डीनं मामाला तसं पाहिलं नव्हतं. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून झालेल्या भांडणात त्यानं शेजाऱ्याचा हात काठीनं मोडला, घरी येऊन हात धुतले आणि न बोलता जेवायला बसला. चंद्रकांतानंच त्याला वाढलं होतं. त्याच्या ओरडण्याला ती कधी भ्याली नाही. तो गप्प झाला की भ्यायची.

आत टेबलामागं एक तरुण अधिकारी बाई बसल्या होत्या. त्यांनी कागद वाचला आणि मान वर केली.

"काय लिहिलंय ते माहीत आहे ना, बाई? कोणाचा दबाव नाही ना? राजीखुशीनं सोडताय?"

भैय्यालाल अगदी पाठीमागं उभा होता. त्याच्या तोंडाचा तंबाखूच्या खर्ऱ्याचा वास तिच्या मानेवर येत होता. तिनं 'हाव' म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बाईंनी पुन्हा विचारलं.

"हाव म्हण न," भैय्यालाल हळूच म्हणाला.

तिनं आईकडं पाहिलं. आई फरशीकडं बघत होती.

"नाही."

"काय म्हणालात?"

"मी राजी नाही, मॅडम."

"मग हे होत नाही," बाईंनी कागद बाजूला सरकवला. "पुढचे कोण?"

बाहेर आल्यावर भैय्यालाल एक शब्द बोलला नाही. त्यानं आईला गाडीत बसवलं, चंद्रकांताची पिशवी रस्त्यावर ठेवली आणि निघून गेला. ती रसवंतीच्या बाकावर बसून सासरच्या गावाची, बपेऱ्याची बस बघत राहिली.

बपेऱ्याला घरी पोचली तेव्हा नवरा, पुंडलिकराव, ऐकून पांढरा पडला. "काय करून ठेवलं तू? आता तो इथं येईन." दिवस बुडायच्या आधीच त्यानं दाराला कडी घातली. पुढं कित्येक दिवस रस्त्यावर गाडी वाजली की चंद्रकांताच्या हातातलं काम थांबायचं.

आला तो भैय्यालाल नव्हे. दुपारच्या बसनं आई आली, एकटीच.

"त्यानं सांगून धाडलं," ती दारातच म्हणाली. "सही कर, नाही तर घरचं कोणी मेलं तरी येऊ नको." एवढं बोलून ती खाली बसली, तांब्याभर पाणी प्याली. मग आवाज बारीक करून विचारलं, "तिथं नाही म्हणतांनी तुले भेव नाही वाटलं?"

"लय वाटलं, मा. आत्ताही वाटून राहिलं."

"माहाही हिस्सा हाय म्हणते त्यात. सोमवारी मले नेऊन राहिला अंगठा द्यायले." ती पदराचं टोक पिळत राहिली. "मले इथं राहू देशीन काय?"

सोमवारी भैय्यालाल मोटारसायकलवर आला. पुंडलिकराव परसात निघून गेला. चंद्रकांतानं दार उघडलं. ती चौकटीतून हलली नाही.

"मा, चाल."

सत्यभामाबाई लेकीच्या मागं उभी होती. "नाही येत मी," ती म्हणाली. "अंगठा नाही देत."

भैय्यालाल दोघींकडं बघत उभा राहिला. चंद्रकांतानं चौकट इतकी घट्ट धरली होती की बोटं दुखायला लागली. मग त्यानं मोटारसायकलला किक मारली आणि गेला.

तो पुन्हा येईल का, एकटा येईल की चार माणसं घेऊन, हे दोघींनाही माहीत नव्हतं. चंद्रकांतानं कडी लावली, आईला आतल्या खोलीत बसवलं आणि गुड्डीला फोन लावला.