मोळीतले चार ऊस

सुभद्राबाईच्या सुनेला, वर्षाराणीला, मोबाइलवर प्रेमकथा लिहायचं वेड होतं. उमापुरात चुलीपुढं बसून ती पुण्यातल्या विहानची गोष्ट भागाभागानं टाकायची आणि पाच हजार माणसं ती वाचायची. विहान उंच, गोरा, दाढी कोरलेली. तो पोटापाण्याला काय करतो हे खुद्द लेखिकेलाही ठाऊक नव्हतं. चाळीस भागांत त्यानं नायिकेला इतकी कॉफी पाजली, की तेवढीत गावच्या सगळ्या म्हशी दोनदा धुऊन निघाल्या असत्या.

शेंगा फोडता फोडता सुभद्राबाई प्रत्येक भाग ऐकायची आणि नाक मुरडायची.

"ह्या मुडद्याला कॉफीबिगर दुसरं काय येतं का गं?"

"वाचक बी तेच म्हणायलेत, आत्या," सून रडवेली झाली. "आज भाग टाकायचाय आन् सुचंना काईच."

"मग माझं लिही."

"तुमचं? मामांसंगं?" वर्षाराणीला ठसकाच लागला.

सुभद्राबाईनं हातातलं सूप बाजूला सारलं. वीस हंगाम दोघांनी ऊसतोड केली होती. बबनराव तोडायचे, ती मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रकात चढायची. एकेक मोळी म्हणजे अंगापिंडानं भरलेलं पोरगंच.

"मुकादमाची पाठ फिरली की हे माझ्या मोळीतून चार ऊस उपसायचे," ती म्हणाली. "तोंडातून शब्द न्हाई. पण रोज, चार. मी आपली टणाटण फळी चढायची. तुझा विहान उपसंल का?"

वर्षाराणीचे डोळे भरून आले. पण डोळे पुसायच्या आत तिच्यातली लेखिका जागी झाली. "मामांच्या मनात काय होतं, ते इचारावं लागंल आत्या. एकतर्फी पिरेम वाचकाला चालत न्हाई."

एवढ्या वर्षांत हे सुभद्राबाईनं कधी विचारलंच नव्हतं. ते चार ऊस तिनं मनात डोरल्यासारखे जपले होते. ते खोटे निघाले तर?

पण सून उठलीसुद्धा. ओट्यावर बबनराव तंबाखू मळत होते आणि मेंढरं थांबवून त्यांचा जुना दोस्त सिदू गप्पा हाणत होता. सुनेनं आडपडदा न ठेवता विचारलं. बबनरावांचा अंगठा तळहातावरच थबकला. सिदूनं कान टवकारले. मेंढरांनीही टवकारले, आणि एका एडक्यानं तर तोंडातलं पान तसंच धरून ठेवलं.

"काय बे बबन्या, पिरेम?" सिदू खिदळला.

"ह्यॅ! पिरेम कशाचं!" बबनराव कानापर्यंत लाल झाले. "भूक लागायची मला. खायाला काढायचो. लई गोड ऊस व्हता."

सिदू मांडीवर थाप मारून हसला. दारात उभ्या सुभद्राबाईच्या डोक्यावर वीस हंगामांच्या मोळ्या पुन्हा चढल्या, चार-चार उसांसकट. ती माघारी वळणार, तेवढ्यात तिची नजर नवऱ्याच्या तोंडाकडं गेली.

"कोन्त्या दातानं?"

"आँ?"

"पहिल्याच साली पुढचे चारी दात ट्रकाच्या फाळक्यावर ठिवून आलतात. भाकर चहात कुस्करून खायचात तुमी. मग ऊस कोन्त्या दातानं सोलायचात?"

"चोखायचो!"

"सालीसकट?"

बबनरावांनी तोंड उघडलं. आत दाखवण्यासारखं काही नाही हे ध्यानात येऊन मिटलं.

"सापडलास बे बबन्या!" सिदू असा हसला, असा हसला, की त्याला भान येईस्तोवर मेंढरं पार कपिलधारला जाऊन, धबधब्याखाली अंघोळी उरकून, देवदर्शन करून माघारी आली. एकही हरवलं नाही.

सुभद्राबाई मात्र कुठं गेली नाही. उंबऱ्यातच ठाण मांडून बसली आणि खुशाल एकेक शेंग फोडत राहिली, फाट् फाट्. वर्षाराणीनं मोबाइल उघडला.

बराच वेळ बबनराव भिंतीकडं तोंड करून तंबाखू मळत राहिले. त्या तंबाखूचा केव्हाच भुगा झाला होता. शेवटी मान न वळवता ते सुनेला म्हणाले,

"लिही काय लिहायचं ते. पण तेवढं नायकाला दात दे."