मुंगीची चूक

मावशीला घाबरलेलं मी त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, तिनेच शिकवलं, आणि मी शिक्षिका झाले ती तिच्याच शाळेत, तिच्या शेजारच्या वर्गावर. दोन वर्गांच्या मधे लाकडी पडदी होती. तिच्यापलीकडून मावशीचा आवाज येत राहायचा आणि त्याच्या आधाराने मी माझा वर्ग रेटायची. जरासा घोगरा, कधीही न चढणारा आवाज. अजूनही दुपारी डोळा लागता लागता तो मला ऐकू येतो.

नवा अभ्यासक्रम ही गोष्ट तिला नवी नव्हती. ती नोकरीला लागली तेव्हा देशच नवा होता. मुलांच्या हातांना काम हवं म्हणून शाळेमागे वाफे खणले, सुतारकामाची हत्यारं आली, गणितसुद्धा वाफ्यात उभं राहून शिकवायचं असं ठरलं. पुढे वर कुणाला तरी वाटलं की आपण विज्ञानात मागे पडतोय. मग वाफे बुजवून तिथे प्रयोगशाळेची खोली बांधली आणि पुस्तकं इतकी जाड झाली की मुलं दप्तराच्या भाराने वाकून चालायला लागली. दर वेळी भिंतीवरचे जुने तक्ते उतरले, नवे चढले. मावशी शिपायाला एवढंच सांगायची, खिळे तेच राहू द्या, भिंतीला उगाच भोकं नकोत.

तिसऱ्या वेळी मात्र तक्त्यांबरोबर माणसं आली. शिक्षक नव्या मार्गावर आहेत की जुन्याच, हे पाहणारी माणसं.

सुट्टीत आम्हाला प्रशिक्षणाला बोलावलं होतं. मोठं सभागृह, भिंतींना ताजा रंग, त्या वासाने डोकं दुखत होतं. प्रशिक्षकाने फळ्यावर तीन वर्तुळं काढली. एकात लिहिलं विषय, दुसऱ्यात मूल, तिसऱ्यात समाज. सभागृहाचा एकेक कोपरा एकेकाला नेमून दिला. शिक्षणाच्या मध्यभागी यातलं काय असावं असं तुम्हाला वाटतं, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा, म्हणाला. नव्या मार्गात मूल मधोमध होतं, तेव्हा कोणता कोपरा बरोबर हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे मुलाच्या कोपऱ्यात दाटीवाटीने उभे राहिले, मीही राहिले. मावशी सभागृहाच्या मधोमध एकटीच उभी.

"बाई, तुम्ही कुठे?"

"मी इथेच बरी," मावशी म्हणाली. "तिन्ही इथून सारखीच दिसतात. शिवाय पंखा इथेच आहे."

सगळे हसले. प्रशिक्षकही हसला, पण हसता हसता त्याने वहीत काहीतरी लिहिलं. ते लिहिताना मावशीने पाहिलं आणि मी मावशीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, नुसतं, जसं काही ते आवरायचं ती विसरली होती.

त्या काळात भांडार म्हटलं की शिक्षकांचे चेहरे उतरायचे. शहराबाहेर पाठ्यपुस्तकांचं भांडार होतं. ज्यांचा शेरा वाईट यायचा त्यांना तिकडे पाठवत, रद्द झालेल्या पुस्तकांचे गठ्ठे बांधायला. पगार तोच, हुद्दा तोच, फक्त वर्ग नाही. पलीकडच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर तिकडे गेले, आणि त्यांच्याबद्दल लोक हलक्या आवाजात बोलायला लागले, आजारी माणसाबद्दल बोलतात तसे. मावशीला मूलबाळ नव्हतं, काका फार लवकर गेलेले. वर्ग गेला तर तिच्याकडे काय उरणार होतं, हे मला न विचारता कळत होतं.

शाळा सुरू झाली तशी भीतीही नेमाने यायला लागली. व्हरांड्यात अनोळखी बूट वाजले की शिकवणारा माणूस वाक्य अर्धं सोडायचा. फाटकाशी आमचा शिपाई बसायचा, त्याला हेडसरांनी सांगून ठेवलं होतं, कुणी साहेब दिसला की जोरात खोक. पावसाळ्यात त्याला खरोखरच खोकला झाला आणि आठवडाभर सगळी शाळा दर पाच मिनिटांनी दचकत होती. मावशीच्या वर्गातून पाढ्यांचा एकसुरी आवाज यायचा तोही बंद झाला. एकत्र म्हणणं म्हणजे घोकंपट्टी, आणि घोकंपट्टीला मनाई होती. पडदीपलीकडची ती शांतता मला सहन व्हायची नाही.

मग परिपत्रक आलं. मूल चुकत चुकत शिकतं, तेव्हा पाठ पाहताना मुलांच्या चुकांना वाव मिळतो की नाही हेही तपासलं जाईल, अशा अर्थाचं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असावा. पण हेडसर तेव्हा रात्रंदिवस धास्तावलेले होते, त्यांनी त्याचा अर्थ सरळ लावला. ज्या वर्गात कुणी चुकणार नाही, तो वर्ग नापास. त्यांनी आम्हाला खोलीत बोलावून सांगितलं की तपासणीच्या दिवशी प्रत्येक वर्गात चार-पाच चुका झाल्याच पाहिजेत, आणि त्या बऱ्या दिसणाऱ्या असाव्यात. नशिबावर सोडू नका.

आज हसू येतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. आम्ही मुलांना चुका वाटल्या.

मावशी कामात पक्की. तिने प्रत्येक मुलाला शोभेल अशी चूक शोधली. धांदरटाला घाईची, लाजाळूला अर्धवट. पाठ होता तरंगणं आणि बुडणं. पाण्याची परात, त्यात खिळा, बूच, मेणबत्तीचा तुकडा, लाकडाचा ठोकळा. ठोकळा बुडेल, कारण तो मोठा आहे, ही चूक तिने मुंगीला दिली. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. रांगेत चालताना इकडेतिकडे बघायची नाही म्हणून मुलांनी तिला ते नाव ठेवलं होतं. तिचं कधीच चुकत नसे. म्हणूनच तिची चूक साहेबाला आवडेल, असा मावशीचा हिशेब. मुलांनी चुका पाठ केल्या. ज्या पद्धतीला मनाई होती, त्याच पद्धतीने, खिडक्या लावून. मुलं त्यांना पाहुण्यांची उत्तरं म्हणायला लागली.

तपासनीस साहेब आले तेव्हा मी वर्गात मागे बसले होते. नव्या शिक्षिकांनी अनुभवी बाईंचा पाठ पाहावा असा नियमच होता. साहेब मध्यम वयाचे, कॉलरपाशी घाम आलेला. मावशी बोलत होती पण तिचा आवाज तिचा नव्हता, एक पट्टी वर चढलेला.

पाठ मात्र छान चालला. धांदरट चुकला, लाजाळू चुकला, साहेब मान डोलावत होते. मग मावशीने ठोकळा उचलून विचारलं, याचं काय होईल? आणि मुंगीकडे बोट केलं.

मुंगी उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. ठोकळ्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. साहेब जवळ गेले, वाकून मऊ आवाजात म्हणाले, सांग बाळ, घाबरू नकोस.

"मला माझी चूक आठवत नाही," मुंगी म्हणाली आणि रडायला लागली.

"कुठली चूक?"

"बाईंनी दिलेली."

मावशीने टेबलाची कड धरली. मी उठून तिच्याजवळ गेले नाही. साहेबांनी मुलांना मैदानावर सोडायला सांगितलं. मुलं गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि मुलांच्या ठेंगण्या बाकावर बसले. गुडघे छातीपाशी आले होते.

मावशी म्हणाली, "काय तो शेरा लिहा साहेब. ह्या पोरीचा दोष नाही, माझा आहे."

"शेरा?" साहेब म्हणाले. "बाई, माझ्या भागातल्या सगळ्या शाळा नव्या मार्गावर आल्या, असं मी वर कळवून बसलोय. पुढच्या महिन्यात राजधानीतून समिती येतेय. त्यांना दाखवायला मला एक वर्ग हवाय." त्यांनी रुमालाने मान पुसली. "तुमचा पाठ चांगला आहे. फक्त त्या मुलीकडून नीट पक्कं करून घ्या."

त्यांनी शेरा उत्तम लिहिला. हेडसरांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. मावशीचा वर्ग वाचला होता. पण घरी येताना ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती. आतापर्यंत मला वाटत होतं की वर कुणीतरी न घाबरलेला माणूस बसलाय आणि आपण त्याला घाबरतोय. बाकावर गुडघे आवळून बसलेल्या त्या साहेबाला पाहिल्यावर माझी भीती कमी व्हायची ती वाढलीच. तिला कुठे टोकच दिसेना.

समितीसाठी पुन्हा तयारी सुरू झाली. मुंगी आता चूक अशी घडाघडा म्हणायची की ऐकताना अंगावर काटा यायचा. एके दिवशी शाळा सुटताना तिची आई आली. धुण्याच्या कारखान्यात काम करायची, मोकळ्या स्वभावाची बाई. हसत हसत सांगायला लागली की पोरीला काय खूळ लागलंय बघा. काल विचारलं, पोटात दुखतंय का गं? तर म्हणते, खरं सांगू की पाहुण्यांचं?

मी हसले. मावशी हसली नाही. ती म्हणाली, "मग काय सांगितलंन तिने?"

"काय सांगणार, गप्पच बसली. रात्री उलटी झाली तेव्हा कळलं."

त्या रात्री मावशी जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, मला भांडाराची भीती वाटते गं, अजूनही वाटते, तू असं समजू नकोस की गेली.

सकाळी तिने हेडसरांना सांगितलं की समितीसमोर पाठ घेईन, पण चुका देणार नाही. हेडसर गयावया करायला लागले. बाई, तुमच्याबरोबर आम्ही सगळे जाऊ, मला दोन मुली आहेत. मावशी म्हणाली, तुमचं नाव मी कुठे येऊ देणार नाही, वर्ग माझा आहे. मला बाहेर आल्यावर तिचा राग आला होता. मी म्हटलं, मावशी, एक दिवस आहे, काढ ना. ती म्हणाली, "एकच दिवस असता तर काढला असता."

समितीत पाच-सहा जण होते, मागच्या भिंतीशी ओळीने बसलेले. साहेब दाराशी उभे, चेहरा पांढराफटक. मावशीने ओली माती घेतली. गोळा करून परातीत टाकला, तो बुडाला. तोच गोळा काढून त्याची वाटी केली, पाण्यावर ठेवली, ती तरंगली. मग मुलांकडे वळून म्हणाली, माती तीच आहे, मग असं का झालं? मी तुम्हाला काहीच सांगून ठेवलेलं नाही. ज्याला जे वाटतं ते बोला.

कुणीही बोललं नाही. मुलं एकमेकांकडे बघत होती, कुणाला काय दिलंय ते शोधत. धांदरटसुद्धा गप्प. भिंतीशी कुणाची तरी खुर्ची करकरली, कुणीतरी घड्याळात पाहिलं. मावशी थांबली होती. तिने सुचवलं नाही, बोट केलं नाही, परातीशी नुसती उभी राहिली. ती शांतता किती चालली मला सांगता येणार नाही.

शेवटी मुंगी उठली. आधी समितीकडे पाहिलं, मग परातीकडे.

"वाटीला कडा आहेत," ती अडखळत म्हणाली. "ती पाण्याला धरून बसते. गोळ्याला धरायला काही नाही."

"बरं," मावशी म्हणाली. आवाज पुन्हा तिचा झाला होता. "मग ताटलीला कडा कमी असतात. ती धरेल का? करून बघू."

मुंगी पुढे येऊन माती थापायला लागली, तेवढ्यात समितीचे प्रमुख उठले. वेळ संपली म्हणाले. जाता जाता साहेबांना म्हणाले ते मला ऐकू आलं. वर्ग थंड आहे, मुलं बोलत नाहीत, बाई काही करतच नाहीत. साहेब हो हो म्हणत त्यांच्यामागे गेले. मावशीकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मुंगी हातात माती घेऊन तशीच उभी होती. मावशीने दार लोटून घेतलं आणि ताटली पाण्यावर ठेवायला सांगितली.

आठवड्याने हुकूम आला. मावशी भांडारात गेली. हेडसर राहिले, साहेबही राहिले. तिने तिथे निवृत्त होईपर्यंत गठ्ठे बांधले. संध्याकाळी घरी आली की हाताला सुतळीचे वळ असायचे. ती तक्रार करायची नाही आणि तिथलं काही सांगायचीही नाही. मला तिची ती शांतता पडदीपलीकडच्या शांततेहून जड वाटायची.

तिचा वर्ग मला मिळाला. सोमवारी हजेरी घेताना माझा आवाज चढला होता, माझं मलाच कळत होतं. मी फळ्यावर सोपंसं गणित घातलं आणि कुणाला येतंय विचारलं. मुंगीने हात वर केला, अर्धाच.

"बाई, आज कोण येणार आहे?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

तिने उत्तर दिलं. बरोबर होतं. पण खाली बसल्यावरही ती दाराकडे बघत राहिली, आणि दुसरं गणित घालताना मीसुद्धा.